गाडीचा काटा वर जातोय? बोअरचं पाणी ओतण्याआधी थांबा; कूलंट कधी, कसं आणि किती बदलायचं याची सविस्तर माहिती

सातारा : चैत्र लागला की शिखर शिंगणापूरच्या वाटेवर घरच्या गाड्यांची रीघ लागते. डोक्यावर ऊन, समोर चढ, सात जणांच्या गाडीत दहा माणसं, टपावर सामान आणि आत एसी सुरू. अशा वेळी रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून उभी असलेली, पुढून वाफ सोडणारी एखादी तरी गाडी दिसतेच. बायकापोरं झाडाची सावली शोधतात आणि घरचा कर्ता माणूस पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घालतो. पसरणी घाटात, आंबेनळीत, कुंभार्लीतही हेच चित्र असतं. खापर मात्र उन्हावर फुटतं. खरं तर ऊन हे निमित्त असतं. दुखणं वर्ष-दोन वर्षं आधीपासून रेडिएटरमध्ये मुरलेलं असतं.

टायर आणि इंजिन ऑइल सगळे सांभाळतात. कूलंटकडे मात्र काटा लाल पट्ट्यात गेल्याशिवाय कुणाचं लक्ष जात नाही. लिटरला दोन-तीनशे रुपयांपासून मिळणारी ही वस्तू वेळेवर बदलली नाही, तर हेड गॅसकेट जाऊन पाच आकडी बिल येऊ शकतं.

कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी नव्हे

कूलंटमध्ये मुख्यतः इथिलीन ग्लायकॉल नावाचं रसायन, शुद्ध पाणी आणि गंज रोखणारी द्रव्यं असतात. रंग फक्त ओळखीसाठी आणि गळती दिसावी म्हणून घातलेला असतो. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असलेलं मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळतं. त्यावर रेडिएटरच्या झाकणाचा दाब बसला की हा आकडा १२५ च्या पुढे जातो. गरम झालेलं इंजिन साधारण ८५ ते १०० अंशांवर चालतं, त्यामुळे चढावर काटा थोडा सरकला तरी आतलं पाणी उकळत नाही.

रेडिएटरचं झाकण हे डब्याच्या झाकणासारखं नसतं, ते प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं. आतली स्प्रिंग आणि रबर ठरलेला दाब धरून ठेवतात. रबर कडक होऊन चिरलं की दाब टिकत नाही. महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. म्हणजे झाकण गेलेलं आणि रेडिएटरमध्ये साधं पाणी, अशी गाडी पसरणी चढून पाचगणीत पोचेपर्यंत उकळली तर नवल नाही. झाकणाची किंमत फार नसते. कूलंट बदलताना झाकणाचं रबर बघावं आणि शंका आली तर झाकण नवीनच घ्यावं. मात्र त्यावर छापलेला दाबाचा आकडा जुन्याइतकाच हवा. जास्त दाबाचं झाकण बसवलं तर होज पाइप फुटतो.

बोअरचं पाणी का नको

माण, खटाव, फलटणकडच्या अनेक गावांत बोअरचं पाणी जड असतं. घरात पाणी तापवायचा बंब किंवा गिझरची कॉइल उघडून पाहिली की आत पांढरा, दगडासारखा थर दिसतो. तेच क्षार इंजिनातही बसतात. पाणी तापलं की त्यातला चुना बाहेर पडतो आणि जिथे सगळ्यात जास्त उष्णता असते तिथेच चिकटतो. हा थर उष्णता अडवतो. रेडिएटरच्या नळ्या तर इतक्या बारीक असतात की थोडा थर बसला तरी पाणी फिरायला जागा उरत नाही. वरून रेडिएटर भरलेला दिसतो, गळती कुठेच नसते, तरी गाडी गरम होते. अशा गाडीत बादलीभर पाणी ओतून काही साधत नाही.

दुसरं नुकसान गंजाचं. हल्लीच्या बहुतेक गाड्यांचं इंजिनचं हेड आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं संपली की ॲल्युमिनियमला खड्डे पडतात आणि वॉटर पंपाचं सील खराब होतं. प्रवासात कूलंट कमी झालं आणि जवळ काहीच नसेल, तर घरापर्यंत पोचण्यापुरतं साधं पाणी टाकायला हरकत नाही. चूक होते ती नंतर. गाडी नीट चालली म्हणून तेच पाणी पुढे दोन वर्षं आत राहतं. कूलंटमध्ये मिसळायला बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड वॉटरच वापरावं. पंपावर आणि बॅटरीच्या दुकानात ते पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं. फक्त ते बॅटरीचं पाणीच आहे, ॲसिड नाही, हे लेबल वाचून घ्यावं.

बदलायची वेळ झाली हे कसं ओळखावं

पहिला आधार गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेचा. जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण दोन वर्षं किंवा ४० हजार किलोमीटरपर्यंत चालतं. नव्या प्रकारचं पाच वर्षं आणि काही गाड्यांत त्याहून जास्त टिकतं. पण जुनी गाडी घेतलेल्या बहुतेकांकडे पुस्तिका नसते आणि आधीच्या मालकानं काय टाकलंय हे तोच जाणे. अशा वेळी काही न विचारता पूर्ण कूलंट बदलून घेणं शहाणपणाचं.

डोळ्यांनीही बरंच कळतं. सकाळी थंड गाडीचं झाकण उघडून बघावं. कूलंट स्वच्छ आणि पारदर्शक असेल तर ठीक. तांबूस किंवा चहासारखं झालं असेल तर गंज सुटलाय. पांढरे कण तरंगत असतील तर क्षार आहेत. वर तेलाचा तवंग दिसत असेल, किंवा इंजिन ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ, खरवसासारखा लगदा दिसत असेल, तर तेल आणि पाणी एकमेकांत मिसळतायत. हेड गॅसकेट किंवा ऑइल कूलर गेल्याची ती खूण असू शकते. तिथे कूलंट बदलण्यात पैसे घालू नयेत, आधी गाडी मिस्त्रीला दाखवावी. थंडीच्या सकाळी ऑइलच्या झाकणाला थोडासा ओलावा येतो, तो वेगळा. त्याला घाबरायचं कारण नाही.

रंगावर जाऊ नका

हिरवं जुनं, लाल चांगलं, निळं सगळ्यात भारी, असा समज गावोगावी आहे. रंगाचा असा काही ठरलेला नियम नाही. प्रत्येक कंपनी आपापला रंग वापरते. एकाच रंगाची दोन कूलंट आतून वेगळी असू शकतात. वेगवेगळ्या जातीची कूलंट एकत्र झाली तर गंजरोधक शक्ती कमी होते आणि कधी कधी घट्ट गाळ तयार होतो. म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकाराचंच घ्यावं. डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ यासारख्या मानकाचा उल्लेख आहे का तेही बघावं. सुट्टं, बिनलेबलचं, 'कंपनीचंच आहे' म्हणून बाटलीत भरून दिलेलं रंगीत पाणी घेऊ नये.

डबा दोन प्रकारचा असतो. एक तयार मिश्रण, त्यात पाणी टाकायचं नसतं. दुसरं घट्ट कूलंट, ते पाण्यात मिसळूनच वापरायचं. किती मिसळायचं ते डब्यावर असतं. काहींवर निम्मं-निम्मं, तर काहींवर एकास तीन असंही लिहिलेलं असतं. घट्ट कूलंट पाणी न घालता तसंच भरलं तर जास्त फायदा होईल, हाही गैरसमज आहे. नुसतं ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही, त्यानं गाडी उलट जास्त तापते.

काम सुरू करण्याआधी

गाडी पूर्ण थंड हवी. यात तडजोड नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर सकाळी काम करणं सगळ्यात चांगलं, नाहीतर निदान तीन तास थांबावं. गरम रेडिएटरचं झाकण फिरवलं की दाब एकदम सुटतो, आतलं पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर, छातीवर उडतं. वर फडकं धरल्यानं हे थांबत नाही. कुणी भाजलंच तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं, वाहतं पाणी सोडावं. टूथपेस्ट, हळद, शाई लावू नये आणि दवाखाना गाठावा. गरज पडली तर १०८ ला फोन करावा.

गाडी सपाट जागेवर घ्यावी, हँडब्रेक ओढावा, चाकाला दगड लावावा. पुढची बाजू किंचित उंच राहिली तर नंतर हवा लवकर निघते. पण गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये. विजेवर चालणारा फॅन चावी बंद असतानाही काही गाड्यांत अचानक फिरतो, त्यामुळे बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली बरी. इंजिन चालवायच्या वेळी ती परत जोडायची.

खाली पसरट घमेलं ठेवावं. कुत्री, मांजरं, कोंबड्या, गुरं आणि लहान मुलं तिथून लांब हवीत. कारण पुढे येईलच.

जुनं काढणं आणि आतून धुणं

रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा किंवा पितळी ड्रेन कॉक असतो. वरचं झाकण उघडून तो सैल केला की कूलंट घमेल्यात पडतं. प्लास्टिकचा कॉक जुन्या गाडीत ठिसूळ झालेला असतो; पाना लावून जोर केला तर तुटतो आणि मग रेडिएटरच उतरवावा लागतो. कॉक नसेल किंवा बसला असेल तर खालच्या होज पाइपची क्लिप सोडवावी. किती लिटर निघालं ते मोजून ठेवावं, हा आकडा पुढे लागणार आहे. बाजूची प्लास्टिकची टाकीही काढून आतला चिखल धुवावा. बरेच जण ती तशीच सोडतात आणि पहिल्या दिवशीच तो गाळ नव्या कूलंटमध्ये येतो.

आता कॉक बंद करून स्वच्छ पाणी भरावं. या धुण्यासाठी आरओचं किंवा नळाचं हलकं पाणी चालेल. गाडीत हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर ठेवावा, म्हणजे आतल्या छोट्या रेडिएटरमधूनही पाणी फिरतं. झाकण लावून गाडी सुरू करावी. दहा-पंधरा मिनिटांनी वरचा होज पाइप गरम लागला की थर्मोस्टॅट उघडला असं समजावं. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तो उघडेपर्यंत इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे येतच नाही, म्हणून गाडी न तापवता केलेलं धुणं अर्धवट राहतं. नंतर गाडी बंद करून पुन्हा पूर्ण थंड होऊ द्यावी आणि पाणी काढावं. निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे दोन-तीनदा करावं लागतं. पूर्ण दिवस जातो, म्हणून रविवारी सकाळी सुरुवात केलेली बरी. शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरनं करावं.

थर जास्त असेल तर बाजारात मिळणारं रेडिएटर फ्लश लेबलप्रमाणे वापरता येतं. संडास साफ करायचं ॲसिड वापरणारे महाभाग आहेत, त्यानं थर जातो आणि सोबत ॲल्युमिनियमही जातं. शेतातल्या मोटरचा पाइप थेट रेडिएटरच्या तोंडाला लावून प्रेशर मारणंही तसंच. रेडिएटरच्या बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात, त्या जोडातून सुटतात. बाहेरच्या जाळीतली धूळ, किडे आणि उसाचं पाचट मात्र हलक्या पाण्यानं, इंजिनच्या बाजूनं बाहेर ढकलत काढावं. कितीतरी गाड्या केवळ या जाळीमुळे तापतात.

नवं कूलंट: इथेच हिशेब चुकतो

रेडिएटर रिकामा झाला तरी इंजिनच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये पाणी उरलेलं असतं. समजा गाडीची एकूण क्षमता आठ लिटर आहे आणि शेवटच्या धुण्यानंतर पाच लिटर पाणी बाहेर आलं. म्हणजे तीन लिटर साधं पाणी आतच आहे. आता त्यावर पाच लिटर निम्मं-निम्मं तयार मिश्रण भरलं, तर आठ लिटरमध्ये ग्लायकॉल आलं अडीच लिटर. ते झालं सुमारे ३१ टक्के. पैसे पूर्ण दिले, कूलंट मात्र पातळ मिळालं.

म्हणून धुतल्यानंतर घट्ट कूलंट वापरणं सोयीचं. आठ लिटरच्या गाडीला निम्मं म्हणजे चार लिटर घट्ट कूलंट आधी भरायचं, उरलेली एक लिटरची जागा डिस्टिल्ड वॉटरनं भरायची. आतल्या तीन लिटरसकट प्रमाण बरोबर निम्मं-निम्मं येतं. तयार मिश्रणच वापरायचं असेल तर ब्लॉकचा ड्रेन प्लग उघडून आतलं पाणी काढून घ्यावं लागतं, ते काम मिस्त्रीकडून करून घ्यावं. लहान पेट्रोल गाडीत एकूण चार-पाच लिटर बसतं, मोठ्या डिझेल गाडीत त्याहून बरंच जास्त. नेमका आकडा पुस्तिकेत असतो.

भरताना घाई केली की आत हवा अडकते. हवेचा बुडबुडा वर अडकला तर तिथे पाणी पोचत नाही आणि नवं कूलंट टाकूनही गाडी तापते. हळूहळू ओतावं, मधूनमधून वरचा होज पाइप हातानं दाबावा. रेडिएटरवरच झाकण असलेल्या गाडीत, इंजिन थंड असतानाच झाकण उघडं ठेवून गाडी सुरू करावी, हीटर गरमवर ठेवावा आणि बुडबुडे येतील तसं कूलंट भरत जावं. बुडबुडे थांबले, पातळी स्थिर झाली की उकळी येण्याच्या आत झाकण लावावं. काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं. जाड पाइप जोडलेली, आटे असलेल्या झाकणाची टाकी हीच दाबाची टाकी असते. अशा गाडीत हवा काढायचा स्क्रू कुठे आहे ते आधी बघून घ्यावं. बाजूच्या टाकीत पातळी मिन आणि मॅक्स या दोन खुणांच्या मध्ये ठेवावी.

पहिला आठवडा रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी पातळी बघावी. एक-दोनदा थोडी उतरते, कारण उरलेली हवा निघत असते. आठवडाभरानंतरही रोज उतरत राहिली तर गळती आहे. क्लिपा, वॉटर पंपाखालचं भोक, ड्रेन कॉक तपासावेत. सीएनजी किट बसवलेल्या गाडीत गॅसच्या रिड्यूसरला गरम पाण्याचे दोन पाइप जोडलेले असतात, तिथला जोडही हमखास राहून जातो. बाहेर थेंब नाही आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, तर पाणी इंजिनात जळतंय.

गॅरेजमधले दोन जुगाड

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायचा उपाय जुना आहे. बारीक छिद्र त्यानं बुजतंही. पण हळदीला कुठलं छिद्र बुजवायचं हे कळत नाही. रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्याही ती बुजवते. रानात अडकलेली गाडी घरापर्यंत आणण्यापुरता तो उपाय. नंतर आतून धुऊन रेडिएटरची दुरुस्ती करावीच लागते.

दुसरा जुगाड जास्त नुकसानीचा. गाडी तापते म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. सपाटीवर काटा खाली राहतो आणि मालक खूश होतो. पण थंडीच्या सकाळी इंजिन लवकर तापत नाही, डिझेल जास्त लागतं, इंजिनची झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते. थर्मोस्टॅट खराब असेल तर नवा बसवून घ्यावा, जुना भाग परत मागावा आणि नवा खरंच बसला का ते बघावं.

रस्त्यातच काटा लालवर गेला तर

एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात लावावा. उकडेल, पण तेवढी उष्णता इंजिनातून बाहेर पडते. सुरक्षित जागा मिळताच गाडी कडेला घेऊन बंद करावी. बोनेट उघडून अर्धा-पाऊण तास थांबावं, झाकणाला हात लावू नये. इंजिनवर गार पाणी ओतू नये. तापलेलं धातूचं हेड त्यानं तडकू शकतं. पूर्ण थंड झाल्यावर झाकणावर जाड फडकं टाकून ते अर्धा आटा फिरवावं, दाब निघू द्यावा, मगच उघडावं. 'अजून दोनच किलोमीटर' म्हणत गाडी रेटली की हेड वाकतं.

काढलेल्या कूलंटचं काय करायचं

इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी आहे. कुत्रं, मांजर सांडलेलं चाटतात. घट्ट कूलंटचे शंभर मिली, म्हणजे अर्धा पेलाही, मोठ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतात आणि लहान मुलाला त्याहून फार कमी पुरतं. कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नये. कुणाच्या पोटात गेलं तर आधी दारू प्यायल्यासारखी झिंग येते, उलट्या होतात आणि एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊ लागतात. सुरुवातीला माणूस बरा दिसतो म्हणून घरी थांबू नये. यावर उतारा आहे, पण तो वेळेत द्यावा लागतो. सोबत डबा घेऊन थेट मोठं रुग्णालय गाठावं.

जुनं कूलंट बांधाला, ओढ्यात, विहिरीजवळ किंवा गोठ्याच्या गटारात ओतू नये. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर 'विष' लिहून, वापरलेलं ऑइल आणि कूलंट जमा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्यावं. जमिनीवर सांडलेल्यावर माती किंवा भुसा टाकून तो गोळा करावा आणि जागा भरपूर पाण्यानं धुवावी.

बोनेटच्या आतल्या बाजूला कागदी चिकटपट्टीवर तारीख, किलोमीटर, कूलंटचं नाव आणि किती लिटर टाकलं ते लिहून ठेवावं. पुढच्या वेळी मिस्त्री बदलला किंवा गाडी भावानं नेली, तरी कुठलं कूलंट भरायचं हे विचारत फिरावं लागत नाही.